घरचा हिशेब आणि देशाचा हिशेब

शालेय शिक्षण संपवून मुले वाणिज्य अथवा कला शाखेत दाखल झाली, की वर्ष-दोन वर्षांतच एका नव्या विषयाशी त्यांची गाठ पडते. महाविद्यालयात त्याला मॅक्रोइकॉनॉमिक्स म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत तो समग्रलक्षी किंवा स्थूल अर्थशास्त्र या नावाने येतो. जमाखर्च आणि ताळेबंद यांविषयी पालकांच्या मनात आदर असतो, कारण त्यातून नोकरी लागते. या विषयाकडे मात्र 'पाठ करून पार पाडायचा एक पेपर' म्हणूनच पाहिले जाते. अनेक वर्षे हा विषय शिकविताना विद्यार्थ्यांच्या तोंडून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत ऐकली आहे: "सर, ताळेबंद जुळला की जुळला, हे कळते. इथे उत्तर बरोबर आले तरी काही समजले असे वाटत नाही."

ही अडचण आलेखांची नाही आणि गणिताचीही फारशी नाही. प्रत्येक विद्यार्थी घरचे व्यवहारज्ञान बरोबर घेऊन वर्गात येतो आणि या विषयाचा पहिलाच धडा असा असतो, की एका घराला जे लागू पडते ते सर्व घरांना मिळून लागू पडेलच असे नाही. ही पायरी चढता आली की पुढील वाट सोपी होते. ती चुकली की वर्षभर केवळ व्याख्या पाठ होतात.

विषय तसा वयाने लहान आहे. १९२९ नंतरच्या जागतिक महामंदीने जुन्या समजुतींना धक्का दिला आणि १९३६ साली केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेथून या शाखेला आजचे रूप आले. देशाचे उत्पन्न मोजण्याचा खटाटोप मात्र आपल्याकडे त्यापूर्वीच सुरू झाला होता. १८६७-६८ या वर्षासाठी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वीस रुपये असल्याचा अंदाज दादाभाई नौरोजींनी मांडला. हेच दादाभाई १८७४ साली बडोदे संस्थानाचे दिवाण झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष महालनोबिस होते आणि सदस्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. ही माहिती दिली की वर्गात थोडी जाग येते. विषय परका नाही, हे मुलांना जाणवते.

पहिली ठेच लागते ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणात. एका विद्यार्थिनीने विचारले होते, "खाणावळीतून डबा आला तर तो देशाच्या उत्पन्नात धरायचा, आई पहाटे पाच वाजता उठून तोच स्वयंपाक करते, तो का धरायचा नाही?" प्रश्न रास्त आहे. बाजारात विकल्या न जाणाऱ्या घरकामाची किंमत ठरविणे अवघड, म्हणून ते हिशेबाबाहेर ठेवण्याचा संकेत पडला. गंमत अशी, की आपण स्वतःच्या मालकीच्या घरात राहतो त्याचे अंदाजी भाडे मात्र उत्पन्नात धरले जाते. एखाद्या गृहस्थाने घरकामासाठी पगारावर ठेवलेल्या बाईशीच विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा विरोधाभास पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिला होता. २०१९ साली भारतात वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी झाली. घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. जवळजवळ पाच तासांचे हे श्रम देशाच्या बेरजेत कोठेच नाहीत, हे कळल्यावर त्या मुलीला आकडा म्हणजे सत्य नव्हे, तर ठरविलेल्या नियमांनी केलेली मोजणी होय, हे उमगले. एवढे समजले तरी अर्धा विषय समजला असे मी मानतो.

दुसरी ठेच अधिक जिव्हारी लागते, कारण ती थेट संस्कारांना लागते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि पुस्तक सांगते, की मंदीच्या काळात सर्वांनीच एकदम काटकसर आरंभली तर सर्वांचेच उत्पन्न घटते आणि अखेरीस एकूण बचतही वाढत नाही. मुलांना हे अधर्मासारखे वाटते. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, हे साधे सूत्र त्यामागे आहे.

गुणकाचे गणित याच सूत्राचे. समजा, शंभर रुपये शिंप्याच्या हाती आले आणि प्रत्येक जण मिळकतीतील ऐंशी टक्के खर्च करतो. शिंपी ऐंशी रुपये किराणा दुकानात देईल, दुकानदार त्यातील चौसष्ट पुढे देईल, आणि ही साखळी संपेपर्यंत एकूण उत्पन्न पाचशे रुपयांनी वाढलेले असेल. साखळी उलटी फिरली तर घटही तशीच होते. कर आणि आयात यांमुळे प्रत्यक्षात गुणक पुष्कळच लहान असतो, हेही सांगावे लागते.

हे सूत्र फळ्यावरून वहीत उतरते, पण मनात उतरत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीनंतरच्या वर्गात मात्र ते फळ्यावर लिहिण्यापूर्वीच मुलांना ठाऊक होते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. शाळा बंद म्हणून गणवेश नाहीत. गणवेश नाहीत म्हणून कापडवाल्याची उधारी थकली. दोन कारागीर गावी गेले आणि त्यांना डबा पुरविणाऱ्या बाईंचे काम सुटले. त्या मुलाने ही साखळी स्वतःच्या वहीत क्रमाने मांडली होती. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. वर्तमानपत्रातील तो आकडा आणि आपल्या दुकानाचे बंद दार या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

तथापि काटकसर वाईट, असा निष्कर्ष त्यातून काढणे चूक. हात आणि यंत्रे रिकामी असतील तेव्हाच खर्चाने उत्पादन वाढते. ती आधीच कामात गुंतली असतील तर वाढत्या खर्चाने केवळ भाव चढतात. आणि नव्या गुंतवणुकीला बचत लागतेच. कोणता काळ चालू आहे हे ओळखणे, हेच या शास्त्राचे मर्म होय.

तिसरा गोंधळ चलनवाढीचा. चलनवाढीचा दर उतरला म्हणजे स्वस्ताई आली, असे विद्यार्थीच काय, पालकही समजतात. शंभराची वस्तू पहिल्या वर्षी एकशे दहाला गेली आणि दुसऱ्या वर्षी एकशे साडेपंधराला, तर दर दहा टक्क्यांवरून पाचावर आला. भाव मात्र चढलेलेच राहिले. शिवाय निर्देशांकाची टोपली सरासरी कुटुंबाची असते. २०१२ हे वर्ष पायाभूत धरलेल्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता. ज्या घरात मिळकतीचा त्याहून मोठा भाग पोटापाण्यावर खर्च होतो, त्या घराला धान्य-भाजीची महागाई सरकारी आकड्याहून अधिक जाणवणारच. मुलांना महिनाभर घरच्या किराण्याची यादी ठेवायला सांगितली की हे प्रकरण पुन्हा शिकवावे लागत नाही.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. बेळगावचा विद्यार्थी मराठी शाळेतून येऊन इंग्रजी व्याख्यानास बसतो. बडोद्याच्या मुलाच्या कानावर गुजराती येते, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाच्या कानावर हिंदी. परंतु या अडचणीतच एक लाभ दडला आहे. इंग्रजीतील इन्फ्लेशन हा शब्द हवा भरून फुगण्यावरून आला. हिंदीतील मुद्रास्फीति, गुजरातीतील फुगावो आणि कन्नडमधील हणदुब्बर या तिन्ही शब्दांत तेच फुगणे आहे. आपल्या चलनवाढीत पैशाचे वाढणे आहे. ज्याला यांतील दोन-तीन शब्द सहज कळतात, त्याला व्याख्या घोकावी लागत नाही. या मुलांनी स्वतःला मागासलेले समजण्याचे काहीही कारण नाही.

पहिल्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून पालकांनी विषय बदलण्याची घाई करू नये, एवढीच विनंती. अर्थसंकल्पाच्या दिवशी घरात चार माणसे बातम्या ऐकत बसतात, तेव्हा तूट म्हणजे काय, व्याजदर वाढला तर आपल्या घरकर्जाचा हप्ता का वाढतो, हे मुलाला मराठीत समजावून सांगायला लावावे. अडखळला तर अडखळू द्यावे. आजीला पटेल अशा शब्दांत ज्याला सांगता आले, त्याला परीक्षेची भीती उरत नाही. पुढे त्यांतील फारच थोडे अर्थतज्ज्ञ होतील. पण निवडणुकीतील आश्वासन असो की महागाईभत्त्याची घोषणा, 'हे पैसे कोणाकडून येणार आणि कोणाकडे जाणार?' हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना जडेल. ती आयुष्यभर कामी येते.