दोन किलोहर्ट्झची वाटणी

हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅम मंडळींना, आंतरराष्ट्रीय नियमांनी दिलेल्या बँडांपैकी सगळ्यात खालचा बँड 135.7 ते 137.8 किलोहर्ट्झ एवढाच आहे. त्याची रुंदी 2.1 किलोहर्ट्झ. माणसाचा आवाज सिंगल साइडबँड पद्धतीने काटकसरीत पाठवायचा म्हटला तरी अडीच किलोहर्ट्झच्या आसपास जागा लागते. म्हणजे कोणी माइक हातात घेतला, तर हा सगळा बँड त्याच्या एकट्याच्या बोलण्यालाही पुरायचा नाही. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन शेजारच्या स्थानांमध्ये 9 किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. तेवढ्या अंतरात हा बँड चार वेळा मावेल. त्याच्या वर 472 ते 479 किलोहर्ट्झ असा दुसरा छोटा बँड आहे. मुंबईकरांनी जिथे वर्षानुवर्षे अस्मिता वाहिनी लावली, त्या 558 किलोहर्ट्झच्या थोडासा खाली. पहिला 2007च्या आणि दुसरा 2012च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला. दोन्ही दुय्यम हक्काचे: मूळ वापरकर्त्याला त्रास द्यायचा नाही आणि त्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. प्रसारणाची ताकदही मोजूनमापून, पहिल्यावर एक वॅट, दुसऱ्यावर एक वॅट आणि काही ठरावीक देशांच्या सीमांपासून 800 किलोमीटरहून लांब असाल तर पाच वॅट. एवढ्या अटी घालून दिलेली एवढीशी जागा म्हणजे तोंडाला पाने पुसणेच, असे कोणालाही वाटेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. हॅम मंडळींना मिळालेल्या साऱ्या जागांमध्ये वाटणीचे शिक्षण देणारी जागा हीच आहे, आणि ते शिक्षण तिच्या अरुंदपणातूनच आले आहे.

यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. 1912च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले, कारण लांब पल्ल्याचे काम लांब लहरींवरच होते असे तेव्हाचे जाणकार समजत. आखूड लहरी म्हणजे निरुपयोगी माळरान. हौशी लोकांनी त्या माळरानावर 1921च्या डिसेंबरात अमेरिकेतून पाठवलेले संकेत स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन येथे ऐकून दाखवले, आणि 1923च्या नोव्हेंबरात फ्रान्सचा लेआँ दलुआ आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल यांनी अटलांटिकच्या दोन काठांवरून एकमेकांशी संवाद साधला. त्यानंतर सरकारे आणि कंपन्या लघुलहरींकडे वळल्या. ब्रिटिश साम्राज्याच्या बिनतारी साखळीसाठी लांब लहरींची अवाढव्य केंद्रे उभारायचा बेत होता. तो मोडून लघुलहरींची बीम पद्धत आली आणि 1927 साली खडकीचे प्रक्षेपण केंद्र आणि दौंडचे ग्रहण केंद्र यांनी हिंदुस्थान लंडनशी जोडला गेला. खडकीच्या केंद्रामागे हौशी लोकांनी केलेल्या या मशागतीचाही वाटा होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पुढे उपग्रह आले, जहाजे 500 किलोहर्ट्झवरच्या मोर्सवरून 1999 साली अधिकृतपणे उठली, आणि लांब लहरींचा पट्टा बराचसा ओस पडला. तेव्हा हॅम मंडळींनी, जिथून त्यांना हाकलले होते तिथलाच, एक कोपरा परत मागितला.

कोपरा मिळाला, पण तिथे उभे राहणे सोपे नाही. 137 किलोहर्ट्झची लहर सुमारे 2200 मीटर लांब असते. पाव लहरीचा मनोरा उभारायचा तर तो साडेपाचशे मीटर उंच हवा. घराच्या आवारात उभा राहतो पंधरा मीटरचा खांब आणि त्याच्या माथ्यावर आडव्या ताणलेल्या तारा. अशा अँटेनाचा प्रक्षेपणाला उपयोगी पडणारा रोध एका ओहमच्या शतांशांत मोजावा लागतो, आणि जमिनीतला नुसता जाळणारा रोध पन्नास-साठ ओहम किंवा त्याहून जास्त. हिशेब साधा आहे: हजार भागांतला एखादा भाग आकाशात जातो, उरलेली ऊर्जा अर्थिंगच्या तारांभोवतीची माती तापवते. नियमात बसणारी ती एक वॅटची ताकद हवेत पोचवायला यंत्रातून शेकडो वॅट द्यावे लागतात. शिवाय आखूड अँटेना सुरात आणायला तिच्या पायथ्याशी काही मिलिहेन्रीची भलीमोठी कॉइल लागते. प्लॅस्टिकच्या पिंपावर बारीक, एकेक सुटी रोधित केलेल्या तारांचा पीळ शेकडो वेढे गुंडाळायचा. त्याच्या पोटात आणखी एक छोटी फिरती कॉइल बसवायची, ती फिरवली की सूर जुळतो. याला व्हेरिओमीटर म्हणतात. कॉइलच्या वरच्या टोकाशी आठ-दहा हजार व्होल्ट सहज उभे राहतात. एखादी फांदी तारेजवळ झुकली, पाऊस पडला, बर्फ साचले, की सूर सरकतो आणि पुन्हा पिंपाशी जावे लागते. या बँडवर पैसा ओतून शेजाऱ्यावर मात करता येत नाही. ताकद दुप्पट केली तर मुख्यतः माती दुप्पट तापते, आणि नियमाची एक वॅटची भिंत समोर असतेच.

ताकद वाढत नाही, जागा वाढत नाही. मग हातात उरतो तो वेळ. इथेच या मंडळींनी खरी कमाई केली. ग्राहकयंत्रात शिरणारी खरखर आपण ऐकण्यासाठी किती रुंद खिडकी उघडतो त्या प्रमाणात असते. खिडकी अरुंद केली की खरखर कमी, पण मग संदेशही तेवढाच सावकाश यायला हवा. मिनिटाला बारा शब्द या बेताच्या वेगात मोर्सचा एक डॉट सेकंदाचा दहावा भाग टिकतो. या बँडवर तो तीन सेकंदांचा करतात, दूरच्या कामासाठी साठ सेकंदांचाही. साठ सेकंदांचा डॉट म्हणजे सहाशेपट संथ गती, आणि सहाशेपट क्षीण संकेत हाती लागण्याची शक्यता. त्या गतीने पाच अक्षरांचा एक शब्द पाठवायला जवळजवळ तास लागतो. तो कानाने ऐकता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर खरखरीचा करडा पट्टा हळूहळू सरकत असतो आणि त्यात एक बारीक उजळ रेघ उमटत जाते: आखूड, लांब, आखूड. समोरच्याने पूर्ण वाचता आले तर उत्तरात ‘ओ’ हे एकच अक्षर पाठवायचे, कारण त्याच्या एका डॅशलाही तीन मिनिटे जातात. या रीतीने 2001 साली ब्रिटन आणि कॅनडा यांच्यात 136 किलोहर्ट्झवर दुतर्फा संपर्क झाला. आणि बघा, इतक्या संथ संकेताला एका हर्ट्झचा छोटासा अंश पुरतो. दूरवर पोचण्यासाठी पत्करलेल्या संथपणानेच बँडमध्ये इतरांसाठी जागा करून दिली. परोपकार म्हणून कोणी आक्रसले नाही. जो आक्रसला तोच ऐकू गेला. वाटणीची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वेळ वाटून घेण्याची रीत या लहरींना नवी नव्हती. 500 किलोहर्ट्झ ही जहाजांची संकटकाळची जागा असताना दर तासाला पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटे सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचे, असा दंडक होता. रेडिओखोलीतल्या घड्याळांवर ती मिनिटे लाल रंगाने दाखवलेली असत. आजच्या हॅम मंडळींनी तीच शिस्त संगणकात उतरवली. जोसेफ टेलर या खगोलशास्त्रज्ञाला जोड पल्सारच्या शोधासाठी 1993 सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. खरखरीत बुडालेला नियमित ठोका चिकाटीने वेचून काढणे हे त्याचे आयुष्यभराचे काम. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पल्सार ऐकते तेही याच तत्त्वावर. टेलर स्वतः हॅम असल्याने त्याने 2008 साली ‘विस्पर’ नावाची पद्धत दिली. सम मिनिट सुरू झाले की प्रसारण सुरू. ते एकशे दहा सेकंद चालते आणि त्यात फक्त पन्नास बिटे असतात: स्थानकाचे नाव, नकाशावरचा चौकोन, ताकद. एका संकेताची रुंदी सहा हर्ट्झ, सर्वांसाठी मिळून दोनशे हर्ट्झची पट्टी. तीत एका वेळी तीसेक जण शेजारी शेजारी मावतात. आणि प्रत्येकाने साधारण पाच पाळ्यांत एकदा पाठवायचे, चार वेळा ऐकायचे, असे प्रमाण त्या सॉफ्टवेअरनेच रूढ केले. सभेत बोलण्याच्या चौपट ऐकणारी माणसे इतरत्र कुठे आहेत?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. संगणक पाठवतो, संगणक वाचतो, माणसे एकमेकांना नावापलीकडे काही सांगत नाहीत. मग याला संवाद का म्हणायचे? 472 किलोहर्ट्झवर हाताने चाललेले मोर्स अजूनही ऐकू येते, ते सोडून देऊ. मुख्य उत्तर असे की इथे संदेशाचा विषयच वाट हा आहे. दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरी शोषून घेतो आणि रात्री तो विरतो. पण कोणत्या रात्री वाट उघडेल, सौरवादळानंतर ती किती रात्री बंद राहील, उन्हाळी विजांच्या कडकडाटात काय तगेल, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच कळते. त्या नोंदी ही माणसे रोज करतात. आणि संगणक कितीही हुशार असला तरी पिंपावरची कॉइल तो गुंडाळून देत नाही. इंटरनेटने हेच क्षणात पोचेल, हेही खरे. पण दोन खंडांमध्ये एका वॅटने आणि कोणाच्याही केबलविना काय पोचते, हे इंटरनेट वापरून कळणार नाही.

दुसरा आक्षेप वीजकंपन्यांचा. उच्चदाबाच्या तारांवरूनच याच पट्ट्यात संरक्षक रिलेंचे संकेत धावतात. हॅमच्या प्रसारणाने भलताच खटका पडला तर? याच भीतीपोटी अमेरिकेच्या नियामकाने 2003 साली 136 किलोहर्ट्झची मागणी फेटाळली होती. युरोपात मात्र 1998च्या सुमारापासून अनेक देशांत हॅम तिथे होतेच. शेवटी 2017 साली अमेरिकेनेही दोन्ही बँड दिले. अट अशी की आधी आपल्या अँटेनाची जागा वीजकंपन्यांच्या परिषदेला कळवायची, तीस दिवस थांबायचे, आणि असे संकेत वाहणाऱ्या तारेपासून एक किलोमीटरच्या आत स्थानक असेल तर प्रसारण करायचे नाही. ही अट काहींना जाचक वाटली. मला ती न्याय्य वाटते. आधी कळवणे आणि वाट पाहणे हे त्या बँडवरच्या रोजच्या वागण्याशी सुसंगतच आहे, आणि चौदा वर्षे अडलेला प्रश्न त्यानेच सुटला.

खरी अडचण परवानाधारकांमध्ये नाहीच. ती एलईडी दिव्यांच्या, चार्जरच्या, सौर इन्व्हर्टरच्या आत भरभर खटके मारणाऱ्या सर्किटांत आहे. त्यांची खरखर नेमकी याच लहरींवर सांडते. तारेतून येणाऱ्या या खरखरीची मर्यादा बहुतेक घरगुती उपकरणांसाठी 150 किलोहर्ट्झपासून वर लागू होते. दिवे आणि इंडक्शन शेगड्या यांच्यासारख्या थोड्या वस्तूंनाच तिच्याखाली बंधन आहे. म्हणजे 137 किलोहर्ट्झवर हॅमने वॅटचा अंश न् अंश मोजायचा, पाचातून एकदाच बोलायचे, आणि शेजारच्या इन्व्हर्टरला विचारणारे कोणी नाही. ही मर्यादा 9 किलोहर्ट्झपर्यंत खाली आणून सगळ्याच उपकरणांना लावावी, ही मागणी हॅम संघटना मानके ठरवणाऱ्या समित्यांपुढे मांडत आहेत, आणि ती रास्त आहे.