बॅटरी गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असतं. मिस्त्री घोडीवर चढून फॉल्स सीलिंगला स्क्रू मारत असतो आणि चौथ्या-पाचव्या स्क्रूलाच ड्रिल घरघरून थांबतं. बॅटरी तर चार्जरवरचा हिरवा दिवा बघूनच काढलेली. ‘बॅटरी बसली’ म्हणत तो दुसरी लावतो आणि काही आठवड्यांनी तीही तशीच वागू लागते. मग दुकानात चौकशी होते. सुट्या बॅटरीचा भाव ऐकला की हिशेब फिरतो, कारण मशीन, चार्जर आणि दोन बॅटऱ्यांचा अख्खा संच पुष्कळदा दोन सुट्या बॅटऱ्यांपेक्षा फारसा महाग नसतो. नवा संच घरी येतो. धडधाकट मोटर आणि शाबूत गिअर असलेलं जुनं मशीन फळीवर जातं, तिथून भंगारात.

या व्यवहारात एक प्रश्न कुणी विचारत नाही: बॅटरी गेली म्हणजे तिच्यातलं काय गेलं? हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण उत्तरं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

कधी गेलेला असतो तो चार्जर. कधी पॅकच्या पितळी पात्यांवर सिमेंटची नाहीतर लाकडाची भुकटी बसलेली असते. कधी उन्हात तापलेला पॅक चार्जरवर लावलेला असतो आणि चार्जर तो थंड होईपर्यंत मुद्दामच थांबलेला असतो, दिवा लुकलुकत राहतो आणि लोक समजतात बिघाड झाला. म्हणून पहिली तपासणी फुकटची: तोच पॅक दुसऱ्याच्या चार्जरवर, दुसऱ्याचा पॅक आपल्या मशीनला. मॉडेल मात्र जुळलं पाहिजे. एवढ्याने दोष चार्जरमध्ये, मशीनमध्ये की पॅकमध्ये, हे कळतं. पॅक वॉरंटीत असेल तर त्यापुढे स्क्रूला हात लावू नये. उघडलेल्या पॅकची वॉरंटी कंपनी मान्य करत नाही.

दोष पॅकमध्येच असेल, तर आत काय असतं ते समजून घ्यावं लागतं. ‘18 व्होल्ट’ लिहिलेल्या लिथियम-आयन पॅकमध्ये पाच दंडगोल सेल एकामागे एक जोडलेले असतात. बहुतेक वेळा ते ‘18650’ या मापाचे, म्हणजे 18 मिलिमीटर व्यासाचे आणि 65 मिलिमीटर लांबीचे असतात. हल्ली 21 बाय 70 मिलिमीटरचे जरा जाडे सेलही येतात. एका सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, म्हणून पाचांचे 18. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल 4.2 व्होल्टवर जातो आणि पाचांची बेरीज 21 होते. म्हणजे ‘18 व्होल्ट’, ‘20 व्होल्ट मॅक्स’ आणि ‘21 व्होल्ट’ ही लेबलं एकाच रचनेची आहेत. बिननावाच्या स्वस्त मशीनवर ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’ असे आकडे छापलेले असतात, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटातही हेच पाच सेल निघतात. पाच अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये 2.5 अँपिअर-तासाच्या दोन-दोन सेलच्या पाच जोड्या, असे सहसा दहा सेल असतात. सोबत एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तो सेलच्या दाबावर आणि तापमानावर नजर ठेवतो.

सेल म्हातारा होतो म्हणजे दोन गोष्टी होतात. त्याच्यात साठणारी वीज कमी होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी गोष्ट जास्त छळते: त्याचा आंतरिक रोध वाढतो. टाकी भरलेली असावी आणि नळ गाळाने तुंबलेला असावा, तसा हा प्रकार. एका सेलचा रोध 20 मिलिओहम धरला तर पाचांचा 100 होतो. ड्रिलने 20 अँपिअर ओढले की आतल्या आत दोन व्होल्ट पडतात, ते चालून जातं. हाच रोध वाढून सेलमागे 80 मिलिओहम झाला तर आठ व्होल्ट पडतात. भरलेल्या पॅकचे 21 व्होल्ट तेरावर येतात आणि मशीन थांबतं. ट्रिगर सोडल्यावर मल्टीमीटर पुन्हा विसाच्या आसपास दाखवतो, आणि मिस्त्री चक्रावतो. शिवाय त्या आठ व्होल्टची उष्णता होते, तब्बल 160 वॉट, तीही बंद प्लास्टिकच्या डबीत. म्हणून भार नसताना मोजलेले व्होल्ट जवळजवळ काहीच सांगत नाहीत. भार देऊन मोजलं तरच खरं कळतं.

पाचही सेल एकदम म्हातारे होतात असंही नाही. ओळीत जोडलेल्या सेलमधून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सगळ्यांत दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बोर्ड तिथेच पुरवठा तोडतो. चार्जिंगलाही तोच आधी भरतो. चार सेल उत्तम आणि एक दुबळा, तर अख्खा पॅक त्या एकाच्या लायकीचा होतो. सेलचा दाब वेळोवेळी सारखा करून देणारी सोय पुष्कळ पॅकमध्ये नसतेच. त्यात बोर्ड स्वतः थोडी थोडी वीज खात असतो. पॅक महिनोन्‌महिने पडून राहिला की सेल मर्यादेच्या खाली उतरतात आणि चार्जर तो पॅक घ्यायलाच नकार देतो.

हा नकार त्रासदायक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. लिथियम-आयन सेल फार खाली उतरून तसाच राहिला तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत दोन वायरी घेऊन भरलेला पॅक मेलेल्या पॅकला थेट जोडतात आणि ‘बॅटरी जिवंत झाली’ म्हणून दाखवतात. ती खरोखर चालू होतेही. पण आत काय झालंय ते व्हिडिओत दिसत नाही. असा पॅक रात्री चार्जिंगला लावून कारागीर त्याच खोलीत झोपत असतील, तर ती जोखीम कुठल्याही बचतीपेक्षा मोठी आहे. लिथियम सेल पेटला की साखळीने शेजारचे पेटतात, धूर विषारी असतो आणि विझल्यासारखी वाटणारी आग पुन्हा भडकते.

मग पॅक दुरुस्त करूच नये का? करावा, जरूर करावा, पण ज्याला ते येतं त्याच्याकडून. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा बाजारांत इलेक्ट्रॉनिक्सचं काम चालतं, आणि ई-बाइकचे पॅक बांधणारे आता लहान शहरांतही दिसतात. पॅक नव्याने बांधणं हे खरं कसब आहे आणि त्याला तसा मान मिळायला हवा. चांगला कारागीर फक्त गेलेला सेल बदलून देत नाही. जुन्या चारांमध्ये एक नवा घातला की थोड्याच दिवसांत चारांतला पुढचा दुबळा उघडा पडतो. म्हणून चांगला कारागीर सगळे सेल एकाच लॉटचे घेतो, त्यांचा दाब जुळवतो, मगच जोडतो. जोडणी स्पॉट वेल्डिंगने होते: निकेलची पातळ पट्टी सेलवर धरायची आणि क्षणभराच्या मोठ्या प्रवाहाने ती चिकटवायची. सोल्डरिंग आयर्न सेलवर टेकवून ठेवलं की उष्णता आत जाते आणि नवा सेल बसवतानाच अधू होतो.

पट्टीतही फसवणूक आहे. बाजारात शुद्ध निकेलच्या पट्ट्या मिळतात आणि निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्याही मिळतात. दिसायला सारख्याच. लोखंडीचा रोध जास्त, ती ड्रिलच्या प्रवाहाला तापते आणि पावसाळ्यात गंजते. पट्टीवर कानशीने ओरखडा काढून ती मिठाच्या पाण्यात ठेवली, तर लोखंडी असल्यास गंज उगवतो. आणखी एक बारकावा म्हणजे धन टोकाभोवतीची कागदी चकती. सेलचं पूर्ण कवच ऋण असतं, अगदी धन टोकाच्या भोवतालचा काठसुद्धा. मधलं पातळ वेष्टन घासलं गेलं तर पट्टी त्या काठाला टेकते आणि थेट शॉर्ट होतो. म्हणून तिथे कमी पैशांची ती चकती लावणारा कारागीर विश्वासाचा समजावा.

सर्वांत जास्त घोटाळा मात्र सेलचाच. लॅपटॉपच्या किंवा पॉवर बँकेच्या बॅटरीतले सेलही 18650 मापाचेच असतात आणि ड्रिलच्या पॅकमध्ये चपखल बसतात. पण ते हळूहळू, थोडी थोडी वीज देण्यासाठी बनवलेले. ड्रिल अडकलं की क्षणात तीस अँपिअर किंवा त्याहूनही जास्त मागतं. त्यासाठी जास्त प्रवाहाचे सेल लागतात. उदाहरणार्थ, सॅमसंगचा ‘25आर’ हा सेल 2500 मिलिअँपिअर-तासांचाच आहे, पण सलग 20 अँपिअर देण्यासाठी बनवलेला. याउलट वेष्टनावर ‘9900 एमएएच’ छापलेला 18650 दिसला तर तो हातातही धरू नये. या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच विजेची मजल जाते, दहा हजारांचा आकडा निव्वळ खोटा. वजन करूनही संशय येतो: चांगला सेल साधारण 45 ग्रॅमचा असतो, बनावट पुष्कळदा त्याहून बराच हलका.

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं जड, मुठीत सेलचा खांब शिरणारं मशीन आहे, त्यांची गोष्ट जराशी वेगळी. ब्लॅक अँड डेकरने 1961मध्ये पहिलं बिनवायरचं ड्रिल आणलं ते निकेल-कॅडमियम सेलवर, आणि पुढची चार दशकं हीच बॅटरी राज्य करत होती. सोनीने लिथियम-आयन सेल 1991मध्ये बाजारात आणला, पण पॉवर टूलमध्ये तो रुळला 2005नंतर. निकेल-कॅडमियमचा सेल 1.2 व्होल्टचा, म्हणून 12 व्होल्टच्या मशीनला दहा सेल. हे पॅक दुरुस्तीला सोपे, कारण आत इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसतंच. मात्र त्यांच्या जागी लिथियम सेल घालून जुनाच चार्जर वापरणं जिवावरचं आहे. जुना चार्जर वेगळ्या खुणेवर थांबतो, लिथियमची 4.2 व्होल्टची हद्द त्याला कळतच नाही. निकेल-मेटल हायड्राइड सेल घालता येतात, तरी त्यांची भरल्याची खूण क्षीण असते, जुन्या चार्जरला ती कधी कधी दिसत नाही आणि पॅक तापत राहतो. तेव्हा सेलबरोबर चार्जरचाही विचार झाला पाहिजे. आणि काढलेले कॅडमियमचे सेल कचऱ्यात अजिबात नकोत. जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतलं कॅडमियम नदीतून भातशेतीत उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली, त्या ‘इताई-इताई’ आजाराचं कारण हाच धातू होता. युरोपीय संघाने पॉवर टूलमधल्या निकेल-कॅडमियमला बंदीतून दिलेली सवलत 2016च्या अखेरीस संपवली.

इथे कंपन्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. काही पॅकमधला बोर्ड ठरावीक वेळा चार्जिंग फसलं की स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतो. सेल नवे घातले तरी तो उघडत नाही. धोकादायक पॅक बंद पडावा हे योग्यच. पण सेल नीट बदलल्यावर जाणकार कारागिराला ते कुलूप काढण्याचा अधिकृत मार्ग असला पाहिजे, नाहीतर चांगला बोर्ड आणि चांगलं कवच विनाकारण कचरा होतात. युरोपीय संघाच्या 2023च्या बॅटरी नियमनात ई-बाइकसारख्या हलक्या वाहनांच्या पॅकमधले सुटे सेलसुद्धा स्वतंत्र व्यावसायिकाला बदलता आले पाहिजेत, अशी तरतूद आहे. पॉवर टूलच्या पॅकला ती लागू नाही. ती लागू व्हायला हवी, युरोपात आणि आपल्याकडेही.

भारतात 2022चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांचं पुढे पुनर्चक्रण किंवा नूतनीकरण होईल हे पाहण्याची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. बॅटऱ्या नव्या करून देणाऱ्यांना या नियमांत स्वतंत्र स्थान आहे, त्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ग्राहकावरही कर्तव्य आहे: बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही, गोळा करणाऱ्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे द्यायची. देण्याआधी पॅकच्या पात्यांवर चिकटपट्टी लावावी. घंटागाडीत दाबला गेलेला एक अर्धा भरलेला पॅक सगळी गाडी पेटवू शकतो.

जे पॅक अजून चांगले आहेत त्यांचं आयुष्य बरंचसं तापमानावर ठरतं. पूर्ण भरलेला सेल आणि उष्णता ही सगळ्यांत वाईट जोडी. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधली पेटी किंवा गाडीची डिकी त्याहून तापते. पॅक सावलीत ठेवावा, काम संपल्यावर गरम असतानाच चार्जरवर चढवू नये. मोठ्या सुट्टीला, गणपतीला किंवा शेतीच्या कामाला गावी जाताना पॅक मशीनमधून आणि चार्जरवरूनही काढावा, पॅकवरच्या चारांपैकी दोन दिवे लागतील एवढाच भरलेला ठेवावा, आणि सुट्टी लांबली तर कुणाला तरी महिन्या-दोन महिन्यांनी ते दिवे बघायला सांगावं.