थाळीच्या आवाजाला वळलेले मूल

माझ्या पुतण्याचा मुलगा अकरा महिन्यांचा असताना सुनेने प्रथम शंका बोलून दाखवली. आडत दुकानासमोर ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला, पण ओसरीवर खेळणारे बाळ दचकले नाही. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो, आणि घरातला शिकलेला वडीलधारा म्हणून माझ्या मताला नको इतके वजन होते. मी बाळाच्या पाठीमागे उभा राहिलो आणि स्टीलची थाळी वाजवली. बाळ वळले. 'मूल उत्तम ऐकते. आपल्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात,' असा निर्णय मी देऊन टाकला. त्या निर्णयापायी सोळा महिने वाया गेले.

बाळ का वळले, हे पुढे तपासणी करणाऱ्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले. माझी सावली त्याच्यासमोर पडली असेल, फरशीतून पावलांचा कंप त्याला जाणवला असेल, किंवा समोर बसलेल्या आईची नजर माझ्याकडे गेली असेल. न ऐकणारे मूल डोळ्यांनी आणि त्वचेने फार सावध असते. त्यामुळे थाळी, टाळी, खुळखुळा या घरगुती परीक्षांवर विसंबणे धोक्याचे. खऱ्या तपासण्या दोन. नवजात बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होते ती ओएई. तिच्यात शंका आली, तर बाळ झोपलेले असताना डोक्याला तारा लावून श्रवणमार्गाचा प्रतिसाद मोजणारी बेरा. दोन्हींत वेदना नाहीत. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, असा संकेत जगभर मानला जातो. आमच्या नातवाची बेरा सत्तावीस महिन्यांचा असताना झाली. दोन्ही कानांची श्रवणशक्ती जवळजवळ नव्हतीच.

निदानानंतर घरात पहिला प्रश्न निघाला तो उपचारांचा नव्हता. 'हे कोणाकडून आले?' अर्थात रोख सुनेच्या माहेराकडे होता. जन्मजात बहिरेपणाच्या पुष्कळ प्रकरणांत कारण आनुवंशिक असते हे खरे. परंतु त्यातील बहुसंख्य प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडून यावे लागते, आणि ते दोघेही स्वतः व्यवस्थित ऐकत असतात. एकाच बाजूला दोष देण्यास येथे जागाच नाही. गर्भारपणातील रुबेलासारखा संसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही आणखी काही कारणे. हे सारे समजावूनही आमच्याकडे काही महिने मुलाला लग्नसमारंभात नेणे टाळले गेले. थोरल्या मुलींच्या सोयरिकी व्हायच्या होत्या. आपल्या समाजात हे किती घरांत घडते, ते वाचक जाणतातच.

पैशाची अडचण आम्हाला आली नाही. व्यापारी घरात शस्त्रक्रियेसाठी रक्कम उभी राहते. (ज्यांना ती शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटची तरतूद आहे, मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे त्यासाठी विचारण्याचे ठिकाण.) तीन वर्षांचा असताना नातवाला इम्प्लांट बसले आणि घराने निःश्वास टाकला. आमची दुसरी चूक तीच. यंत्र कानापर्यंत आवाज नेते. त्या आवाजाचा अर्थ लावणे मेंदूला शिकवावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात. आठवड्यातून दोनदा सून एसटीने साठ किलोमीटरवरील जिल्ह्याच्या गावी वाचा-प्रशिक्षणासाठी त्याला नेई, संध्याकाळी परतून सगळ्यांचा स्वयंपाक करी. तिच्या मोठ्या जावेने एके दिवशी कोणालाही न विचारता मंगळवार आणि शुक्रवारचे स्वयंपाकघर स्वतःकडे घेतले. आमच्या कुटुंबाने त्या मुलासाठी केलेल्या सर्व खर्चांत मी या दोन दिवसांची किंमत सर्वांत वर लावतो.

घरात मारवाडी, दुकानात मराठी, शाळेत इंग्रजी. मग मुलाशी बोलायचे कशात? आईला सहज येईल त्या भाषेत, असे प्रशिक्षिकेने सांगितले. खुणांच्या भाषेबद्दल मात्र आमच्या मनात भीती होती: हात बोलू लागले तर तोंड बोलणार नाही. मला आज ती भीती अनाठायी वाटते. ज्या मुलाला इम्प्लांटचा लाभ होत नाही किंवा उशिरा होतो, त्याने भाषेवाचून वाट पाहत का राहावे? भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशात २०२१ मध्ये दहा हजार शब्द झाले आहेत आणि ते चित्रफितींच्या रूपात घरी बसून पाहता येतात. आमच्या वहिनींनी सत्तरीत साठ-सत्तर खुणा शिकून घेतल्या.

उरलेली शिकवणी पंगतीत झाली. कर्णबधिर मुलाला घर खाऊ घालते, नवे कपडे घेते, लाड करते, आणि सगळे हसले की 'काय झाले?' या त्याच्या प्रश्नाला 'काही नाही, जेव तू' असे उत्तर देते. आम्हीही तेच करीत होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली रीत येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडली. उजेडात प्रत्येकाचा चेहरा दिसतो. प्रवचनात मात्र मुहपत्तीमुळे महाराजसाहेबांचे ओठ दिसत नाहीत. आता त्याची चुलत बहीण शेजारी बसून दोन-दोन ओळींत सार लिहून देते. महाराजसाहेबांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी त्याला पुढच्या रांगेत बसवण्यास सांगितले.

दानशूर वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. श्रवणयंत्र वाटपाची शिबिरे आपल्याकडे उत्साहाने होतात, फोटो निघतात. परंतु वाढत्या मुलाचा कान वाढतो, आणि कानात बसणारा मोल्ड लवकरच सैल होऊन शिट्टी वाजू लागते. बॅटऱ्या संपतात, पावसाळ्यात दमट हवेने यंत्र बिघडते. मग ते कपाटात जाते. शंभर यंत्रांऐवजी चाळीस मुलांची तीन वर्षांची मोल्ड, बॅटरी, दुरुस्ती आणि प्रवासखर्चाची जबाबदारी घेतली, तर शिलकीत अधिक पडेल, असा माझा जुना बँकवाला हिशेब आहे.

हिशेबाचाच दुसरा भाग हक्काचा. मी शाखाधिकारी असताना एक गृहस्थ आपल्या पंचविशीतील कर्णबधिर मुलाला चालू खाते उघडण्यासाठी घेऊन आले. मी सर्व प्रश्न वडिलांना विचारले, वर संयुक्त खात्याचा सल्लाही दिला. मुलाने फॉर्म ओढून घेऊन पाठीमागे लिहिले, 'खाते माझे आहे. मला विचारा.' मला त्या वेळी ते उद्धट वाटले होते. वास्तविक तो कायद्याला धरूनच बोलत होता. सज्ञान कर्णबधिर व्यक्तीला पालकाच्या सहीची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये मालमत्ता, वारसा, आर्थिक व्यवहार आणि बँककर्ज यांबाबतचा समान हक्क स्पष्ट लिहिला आहे. जुन्या हिंदू विधीत जन्मतः मूकबधिर असणाऱ्याला वारसा नाकारला जाई. ती अडचण १९२८ च्या कायद्याने दूर झाली. जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम २८ तर रोग किंवा व्यंगाच्या कारणाने कोणालाही वगळू देत नाही. तरीही 'भाऊ सांभाळेल त्याला' म्हणून अशा मुलाचा हिस्सा भावाच्या नावे लिहिलेली मृत्युपत्रे मी पाहिली आहेत. भाऊ सांभाळतोही. भावाच्या पुढच्या पिढीचे कोणी सांगावे?

नातू आता तिसरीत आहे. त्याचे काही शब्द अस्पष्ट येतात, पाढे मात्र चोख. गेल्या दिवाळीत वहीपूजनाला सगळे जमले. थोरले बंधू नेहमी भिंतीकडे तोंड करून, वहीवर वाकून पुटपुटतात. या वेळी त्यांनी पाट फिरवून घेतला, दिव्याच्या उजेडात तोंड केले आणि एकेक शब्द सावकाश म्हटला. नातू त्यांच्या ओठांकडे पाहत होता. मध्येच त्याने हात वर करून त्यांना थांबवले आणि एक शब्द पुन्हा म्हणायला लावला.