ताजमहालांतील व्हायोलिन

जॅझ म्हटलें कीं पितळी वाद्यांचा गजर कानीं येतो. परंतु १९३५ सालीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत कृष्णवर्णी अमेरिकन वादकांचा जो बँड अवतरला, त्याच्या नायकाच्या हातीं व्हायोलिन होतें. त्याचें नांव लिऑन अ‍ॅबी.

अ‍ॅबीचा जन्म १९०० सालीं मिनिआपोलिस येथें झाला. १९२६ सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत सॅव्हॉय नृत्यगृह उघडलें, तेव्हां तेथील ‘सॅव्हॉय बेअरकॅट्स’चें नायकत्व त्याच्याकडे होतें. पुढील वर्षीं तो दक्षिण अमेरिकेंत गेला व १९२८ पासून युरोपांत वावरला. ज्या हॉटेलांत वादक म्हणून प्रवेश, तेथेंच पाहुणा म्हणून मज्जाव, असा अनुभव त्याच्या समाजास मायदेशीं नित्य येई. परदेशाची वाट धरण्यास हेंही एक कारण होतें.

जॅझमध्यें मूळ चाल ही केवळ चौकट असते. बंदिशीच्या आधारानें गवई जसा विस्तार करतो, तसा वादक तिच्यांत ऐन वेळीं नवी स्वररचना करतो. चार मात्रांपैकीं दुसरीवर व चौथीवर जोर पडल्यानें लयीला झोका मिळतो. व्हायोलिनची अडचण आवाजाची. ट्रंपेट व सॅक्सोफोन यांच्यापुढें तारेचा नाद बुडून जाई. म्हणूनच अमेरिकेंत जो व्हेनुटी, पॅरिसमध्यें स्तेफान ग्रापेली असे थोडेच व्हायोलिनवादक या क्षेत्रांत नांवारूपास आले.

अ‍ॅबी १९३९ सालीं स्वदेशीं परतला व १९७५ सालीं निवर्तला. मुंबईंत मात्र त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांनीं ही परंपरा चालविली. तिचे खरे वारस ठरले गोमंतकीय वादक. चर्चच्या पाठशाळांत स्वरलिपि व व्हायोलिन शिकलेल्या या तरुणांनीं नवी लय चटकन् आत्मसात केली. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड (१९१९–२००७) ट्रंपेट व व्हायोलिन दोन्हीं वाजवीत. सी. रामचंद्रांना चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाचें साहाय्य लाभलें. ‘अलबेला’ (१९५१) ही त्याची साक्ष.

पडद्यावर संगीतकाराचें नांव झळके. वाद्यवृंदांतील वादकांचें क्वचितच. ताजमहालची पायरीही न पाहिलेल्या वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या गांवीं जुनें चित्रपटगीत लागतें व ऐकणाऱ्याचा पाय नकळत ठेका धरतो. त्या ठेक्यांत अ‍ॅबीचा व त्या अनामिक वादकांचा वांटा आहे.