पेटीतला कागद पुरावा कधी होतो?

आंबवड्याला येणारे लोक नागेश्वराचं दर्शन घेतात, झुलता पूल बघतात आणि कान्होजी जेधे, जिवा महाला यांच्या समाध्यांपुढे हात जोडतात. आज आपण त्याच जेध्यांच्या घरात जपलेल्या कागदांबद्दल बोलणार आहोत.

जवळचं कारी हे जेध्यांचं गाव. रोहिड खोऱ्याची देशमुखी त्यांच्याकडे होती. 1659 मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा खानाला सामील व्हा, असं आदिलशाही फर्मान कान्होजींना आलं. ते फर्मान घेऊन कान्होजी आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. ही हकीकत जेध्यांच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या वृत्तांतात येते. फर्मान आणि करीना, दोन्ही एकाच घराण्याच्या दप्तरातले. एक आज्ञा सांगतो, दुसरा त्या आज्ञेचं पुढे काय झालं ते.

त्याच दप्तरात आणखी एक चीज होती, ती म्हणजे जेधे शकावली. शके 1540 पासून 1619 पर्यंतच्या घटनांच्या त्रोटक नोंदी. लोकमान्य टिळकांनी ती 1916 मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलन वृत्तातून प्रसिद्ध केली. तोवर बखरींच्या आधारे महाराजांचा जन्म 1627 सालचा धरत. शकावली सांगत होती, शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630.

मग ही तारीख लगेच मान्य झाली का? नाही. वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पुढे परमानंदांच्या शिवभारतात हीच तिथी दिसली, राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीतही तीच निघाली. एकमेकांपासून इतक्या दूरची साधनं एकच गोष्ट सांगू लागली, तेव्हा शकावलीचं वजन वाढलं. आज शासकीय शिवजयंती 19 फेब्रुवारीलाच असते.

आम्हाला सांगायचंय ते एवढंच. घराण्याने जपलं म्हणून कागद टिकला. पण तो दाखवला, छापला, इतर कागदांशी ताडून पाहिला, म्हणून तो पुरावा झाला. पेटीत बंद राहिला असता तर एखाद्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ला असता, आणि काय गेलं हेही कुणाला कळलं नसतं.

तुमच्याही घरी आजोबांची मोडीतली पत्रं असतील, लग्नातले जुने फोटो असतील. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. कोरड्या जागी ठेवा. फ्लॅश न वापरता दिवसाच्या उजेडात त्यांची छायाचित्रं काढून घ्या. फोटोतली माणसं ओळखणारी आजी आहे, तोवर तिला विचारून फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराला कागद एकदा दाखवाच. मूळ कागद तुमच्याच घरी राहू द्या, वाचन मात्र सगळ्यांचं होऊ द्या.