बंद संगणकाचा कुलमुखत्यार

‘बंद’ या शब्दाइतका सैल हाताने वापरला जाणारा शब्द मराठीत विरळाच असेल. दुकान बंद होते, घड्याळ बंद पडते, दोघा भावांचे बोलणे बंद होते, आणि कचेरीतला कारकून सायंकाळी निघताना संगणकही बंद करतो. परंतु ज्याने कधी कुतूहलाने त्या यंत्राच्या पाठीमागे वाकून पाहिले असेल, त्याला पडदा काळा होऊन पंखा थांबल्यानंतरही नेटवर्कच्या केबलपाशी एक इवलासा दिवा मिणमिणताना दिसला असेल. भिंतीवरचे बटण चालू असेतोवर मदरबोर्डला थोडीशी वीज अखंड मिळत असते, आणि तेवढ्या शिध्यावर संगणकातील एक रहिवासी रात्रभर जागा राहतो. व्यावसायिक संगणकांच्या दूरस्थ व्यवस्थापनाविषयी जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या जागत्या रहिवाशापाशी आहे.

निजलेल्या संगणकाला दुरून उठवण्याची युक्ती तशी जुनी, 1990 नंतरच्या दशकातली. नेटवर्कवरून 102 बाइट्सचा एक संदेश धाडावयाचा, त्याच्या आरंभी ठरावीक खुणेचे सहा बाइट्स आणि पुढे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा; एखाद्या गाढ झोपाळूला नाव घेऊन सोळा हाका माराव्यात, तसाच हा प्रकार. हाक ऐकून यंत्र उठे खरे, पण उठल्यावर ते धड चालते की नाही, हे पाहण्याची सोय त्या हाकेत नव्हती. ती सोय इंटेल कंपनीने 2006 साली ‘व्हीप्रो’ या नावाखाली बाजारात आणलेल्या संगणकांत पुरवली. तिचे तांत्रिक नाव ‘ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी’, आणि आयटी खात्यातल्या मंडळींच्या तोंडी ‘एएमटी’. मुख्य प्रोसेसरखेरीज चिपसेटमध्येच वसलेला एक छोटा प्रोसेसर, ज्याला ‘मॅनेजमेंट इंजिन’ म्हणतात, तो विंडोजच्या परवानगीची वाट न पाहता नेटवर्कशी परस्पर बोलतो. संगणक चालू करतो, बंद करतो, बायोसचा पडदा दूरच्या तंत्रज्ञाला दाखवतो, आणि प्रसंगी दुसऱ्या गावच्या डिस्कवरून यंत्र सुरू करून देतो.

हे सारे कशाला हवे, असे विचारणाऱ्याला 19 जुलै 2024 या दिवसाचा दाखला देणे पुरे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लक्ष संगणक निळ्या पडद्यावर आणून बसवले, आणि आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. उपाय एवढाच होता की यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल पुसावी. परंतु दुरून दुरुस्ती करण्याची नित्याची साधने विंडोजच्या अंगाखांद्यावर वाढलेली, आणि विंडोजच उठत नाही म्हटल्यावर ती सारी निरुपयोगी. तेव्हा प्रत्येक यंत्रापुढे माणूस नेऊन बसवणे आणि डिस्क कुलूपबंद असल्यास बिटलॉकरची 48 अंकी किल्ली एकेक अंक ताडून टंकणे प्राप्त झाले. जेथे एएमटी आधीपासून चालू करून ठेवलेली होती, तेथे हेच काम तंत्रज्ञाला आपल्या मेजावरून करणे शक्य होते. ‘आधीपासून’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण घर पेटल्यावर विहीर खणता येत नाही.

आता दुसरा आणि अधिक नाजूक प्रश्न: ज्याला इतके अधिकार, तो माझा पडदा माझ्या नकळत पाहू शकतो काय? येथे कायद्याच्या दफ्तरातला एक जुना भेद उपयोगी पडतो. खास मुखत्यारपत्र एखाद्या नेमक्या कामापुरते असते. कुलमुखत्यारपत्राने धन्याच्या वतीने सर्वच करण्याची मुभा मिळते. एएमटीचेही असेच दोन अंमल आहेत. पहिल्यात तंत्रज्ञाने पडद्याचा ताबा मागितला की वापरणाऱ्यापुढे सहा अंकी संख्या उमटते, आणि ती त्याने फोनवर सांगितल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. दुसऱ्यात ही संमतीची अट व्यवस्थापकाला उठवता येते. ताबा चालू असताना पडद्याभोवती लाल-पिवळी लुकलुकती चौकट दिसते, हा त्यातल्या त्यात दिलासा. आपल्या कचेरीत कोणता अंमल जारी आहे हे नोकराला लेखी कळवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. संगणक मालकाचा असला तरी त्यापुढे बसणारा माणूस मालकाच्या मालमत्तेत मोडत नाही.

आणि मुखत्यारच फितूर झाला तर? 1 मे 2017 रोजी इंटेलने जाहीर केलेला दोष या दृष्टीने मननीय आहे. दारावर परवलीची खूण विचारली जाई, आणि उत्तर ताडून पाहताना आगंतुकाने जितकी अक्षरे उच्चारली तितकीच तपासली जात. आता ज्याने एकही अक्षर उच्चारले नाही, त्याची चूक निघावी कशी? रिकामे उत्तर देणारा सन्मानाने आत जाई. हा दोष 2010 सालापासूनच्या आवृत्त्यांत होता, म्हणजे सात वर्षे एवढ्या मोठ्या वाड्याचा दरवाजा मौनाने उघडत होता. पुढच्याच वर्षी एका संशोधकाने दाखवून दिले की अनेक लॅपटॉपांत या यंत्रणेचा कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड कोणी बदललेलाच नसतो, आणि बायोसला कुलूप असले तरी अर्ध्या मिनिटात मागल्या दाराने शिरता येते. पहिला दोष कारागिराचा; दुसरा निव्वळ आपल्या आळसाचा, आणि माझ्या मते अधिक लाजिरवाणा.

घरगुती संगणकांपुरते सांगायचे तर एएमटी त्यांत सहसा नसते, मात्र मॅनेजमेंट इंजिन इंटेलच्या बहुतेक सर्व यंत्रांत असते. या इंजिनात 2015 च्या सुमारापासून मिनिक्स ही कार्यप्रणाली चालते. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी 1987 साली ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचली होती. ती कोट्यवधी यंत्रांत नांदते आहे ही वार्ता त्यांना 2017 मध्ये वर्तमानपत्रांतून समजली, आणि निदान कळवायचे तरी होते, अशा आशयाचे एक सौम्य खुले पत्र त्यांनी इंटेलला लिहिले.

राहता राहिला जुन्या मालाचा प्रश्न, जो आपल्याकडे अधिक जिव्हाळ्याचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले संगणक स्वस्तात मिळतात, आणि घेणारा घरी आणून डिस्क पुसतो, नवे विंडोज घालतो व निश्चिंत होतो. परंतु एएमटीची नेमणूक डिस्कवर नसून मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये नोंदलेली असते, आणि तेथे जुन्या धन्याचे मुखत्यारपत्र जसेच्या तसे शाबूत राहू शकते. बहुतेक यंत्रांत सुरू होताना कंट्रोल आणि पी ही बटणे एकत्र दाबली की त्याची सनद समोर येते व रद्द करता येते. मात्र त्यासाठी पासवर्ड लागतो, आणि तो कोणी बदललेला असल्यास दुकानदाराकडे मागावा लागतो.