स्टेपर मोटर : छोट्या सीएनसी यंत्रातील परिपीडन व जुळणी

विद्युत् स्पंदांच्या संख्येनुसार ठराविक कोनातून पायरीपायरीने फिरणाऱ्या चलित्रास स्टेपर मोटर म्हणतात. संगणकाच्या आज्ञेवरून लाकूड, प्लॅस्टिक वा मऊ धातू कोरणाऱ्या छोट्या सीएनसी (संगणकीय अंकीय नियंत्रण) यंत्रांत हत्याराची हालचाल बहुधा अशाच चलित्रांनी केली जाते. अंकीय नियंत्रणाचे पहिले चक्री कर्तन यंत्र अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली याच संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. ग्रामीण विद्यार्थी व कारागीर यांना संगणक-नियंत्रित हत्यारे हाताळता यावीत, ही त्यामागील कल्पना होती. २००९ मध्ये सीमेन स्वाले स्कोग्सरूड यांच्यासारख्या हौशी तंत्रज्ञांच्या वर्तुळातून ‘जीआरबीएल’ हा मुक्त नियंत्रण कार्यक्रम पुढे आला व अशी यंत्रे घरगुती कार्यशाळेतही उभी राहू लागली.

रचना व मर्यादा : प्रचलित संकरित प्रकारच्या मोटरीत घूर्णकावर चिरचुंबक व ५० दात असतात. स्थाणुकाच्या दोन गुंडाळ्यांतील प्रवाह क्रमाने बदलला की घूर्णक १.८° फिरतो, म्हणजे एका फेऱ्यास २०० पदे लागतात. साध्या यंत्रात घूर्णक खरोखर कोठे पोहोचला हे तपासणारी व्यवस्था नसते. भार परिपीडनापेक्षा (टॉर्कपेक्षा) अधिक झाला, तर घूर्णक मागे राहतो, पण नियंत्रक आज्ञा देतच राहतो. पुढचे सर्व कोरीव काम मग सरकलेल्या जागी होते. किनवट-माहूर परिसरातील वनांत होणाऱ्या सागासारख्या लाकडाची महाग फळी अशा एका चुकीने वाया जाऊ शकते.

परिपीडन व वेग : मोटरीवर लिहिलेले परिपीडन ती स्थिर असतानाचे असते, वेग वाढतो तसे ते घटते. गुंडाळीच्या प्रवर्तनामुळे प्रवाह पूर्ण मूल्यास पोहोचण्यास वेळ लागतो. उदा., १.५ ओहम रोध व २.८ मिलिहेन्री प्रवर्तन असलेल्या गुंडाळीत १.६८ अँपिअर प्रवाह येण्यास १२ व्होल्ट दाबाखाली सुमारे ०.४४ मिलिसेकंद, तर २४ व्होल्टखाली सुमारे ०.२१ मिलिसेकंद लागतात. मिनिटास ३०० फेऱ्यांच्या गतीला प्रत्येक पूर्ण पदाला एकच मिलिसेकंद मिळतो. शिवाय फिरत्या मोटरीत उलट दाबही निर्माण होतो. म्हणून संथ गतीत ठीक चालणारे व वेगात अडखळणारे यंत्र बहुधा अपुऱ्या दाबाचे असते. प्रवाह मर्यादित ठेवणारा चालक (ड्रायव्हर) असल्यास दाब वाढविल्याने मोटर जळत नाही. मात्र चालकाची दाबमर्यादा (ए४९८८ या मंडलास ३५ व्होल्ट) ओलांडता कामा नये.

प्रवाहाची जुळणी : ए४९८८ मध्ये प्रवाह हा संदर्भदाबास आठ व संवेदी रोध यांच्या गुणाकाराने भागून मिळतो. रोध ०.१ ओहम असल्यास १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट ठेवावा लागतो. रोधाचे मूल्य मंडलागणिक वेगळे असते. ते पाहूनच हिशेब करावा. प्रवाह कमी असेल तर मोटर पदे चुकवते. जास्त असेल तर चालक तापून स्वतःला बंद करतो व निवल्यावर पुन्हा चालू होतो. काम मधूनमधून थांबत असल्यास, विशेषतः मराठवाड्यातील उन्हाळ्यात, उष्णताशोषक पट्टी व पंखा बसवून पाहावे. वीज चालू असताना मोटरीची तार कधीही काढू नये. त्यामुळे चालक निकामी होऊ शकतो.

सूक्ष्मपदे : प्रत्येक पदाचे १६ भाग केल्यास हालचाल मऊ होते व अनुस्पंदन घटते. परंतु एका सूक्ष्मपदाच्या विस्थापनाला मिळणारे परिपीडन स्थिर परिपीडनाच्या सुमारे दहा टक्केच असते. म्हणून सूक्ष्मपदे वाढविल्याने अचूकता त्याच प्रमाणात वाढत नाही. एका फेऱ्यास ८ मिमी. सरकणाऱ्या स्क्रूवर १६ सूक्ष्मपदांनी दर मिलिमीटरला ४०० स्पंद लागतात (२०० × १६ ÷ ८). हीच संख्या जीआरबीएलमध्ये क्ष, य, झ अक्षांसाठी अनुक्रमे १००, १०१ व १०२ क्रमांकांच्या मांडणीत भरतात. ११० पासून कमाल वेग व १२० पासून प्रवेग येतो. सोळा मेगाहर्ट्‌झच्या आर्डुइनो उनोवर हा कार्यक्रम सेकंदास सुमारे ३०,००० स्पंद देऊ शकतो. ४०० स्पंदांच्या हिशेबाने ही मर्यादा मिनिटास ४,५०० मिमी. होते.

दोषाची ओळख : चूक कशी वाढते, यावरून तिचे कारण कळते. (१) अंतराच्या प्रमाणात वाढणारी चूक स्पंदसंख्येच्या मांडणीतील असते. १०० मिमी.च्या आज्ञेवर ९८ मिमी. हालचाल झाल्यास आधीच्या संख्येला १०० ने गुणून ९८ ने भागावे. (२) केवळ दिशा बदलताना येणारी ठराविक चूक स्क्रू व नट यांमधील ढिलाईची असते. (३) अचानक आलेली व पुढे कायम राहिलेली चूक पदे सुटल्याची असते. घूर्णक एक दात ओलांडतो तेव्हा ७.२° म्हणजे चार पूर्ण पदे सुटतात. वरील स्क्रूवर ते ०.१६ मिमी. होतात. चूक याच्या पटीत असेल तर संशय दृढ होतो. अनियमित असेल तर जोडणीचे स्क्रू तपासावेत. (४) मोटर जागीच थरथरत असेल तर गुंडाळीच्या तारांचा क्रम चुकलेला असतो वा एखादी जोडणी सुटलेली असते.

उपायाचा क्रम : प्रथम वीज बंद करून अक्ष हाताने फिरवावा व घर्षण तपासावे. नंतर प्रवाह, मग प्रवेग व कमाल वेग निम्मे करून पाहावेत. हत्यार हवेत चालविताना पदे सुटली, तर दोष मांडणीत वा यांत्रिक जुळणीत असतो. केवळ कापताना सुटली, तर कापाची खोली वा हत्याराचा सरकवेग कमी करावा. थांबलेल्या अवस्थेत जागा सरकत असल्यास जीआरबीएलमधील क्रमांक १ ची मांडणी पाहावी. तेथे २५ असल्यास शेवटच्या हालचालीनंतर २५ मिलिसेकंदांनी मोटरीचा प्रवाह तुटतो. २५५ केल्यास तो कायम राहतो. एका वेळी एकच मांडणी बदलून प्रत्येक निष्कर्ष नोंदवून ठेवल्यास दोषाचे मूळ हमखास हाती लागते.